आद्यसमूहाची घडण आणि परक्या प्राण्यांचा प्रसार
(बीड जिल्ह्यातील शंखी गोगलगायीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार)

१

इ. स. २०२२ च्या खरीप हंगामात बीड, लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, ह्या तीन जिल्ह्यांतील शेतकऱ्यांवर एक अपरिचित संकट कोसळले. पावसाच्या आरंभी पेरलेले सोयाबीन नुकतेच दोन पानांवर आले होते. ते रातोरात नाहीसे होऊ लागले. दिवसा शेतात पाहावे तर फारसे काही दृष्टीस पडत नसे. रात्री विजेरी घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला मात्र तासांतून सरकणाऱ्या मोठ्या शंखी गोगलगायी दिसत. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. पंचनामे झाले. तिन्ही जिल्ह्यांतील मिळून सुमारे ७२ हजार हेक्टर क्षेत्र बाधित ठरले आणि शासनाने सुमारे ९८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले.

मराठी भाषेने गोगलगाय हा शब्द आजवर निरुपद्रवीपणाचा वाचक म्हणून वापरला आहे. मवाळ, कोणाच्या अध्यात ना मध्यात अशा माणसाला ‘गोगलगाय’ म्हणतात. आणि अशा माणसाच्या मनाचा थांग लागत नाही, हे सुचविण्यासाठी ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण योजतात. ही म्हण रूढ झाली ती येथील लहान, देशी गोगलगायीवरून. २०२२ साली सोयाबीन खाऊन गेलेला प्राणी त्या कुळातला नव्हे. तो मूळचा पूर्व आफ्रिकेतील होय. त्याला मराठीत स्वतंत्र नाव मिळालेले नाही. जुन्या नावालाच ‘शंखी’ हे विशेषण जोडून काम भागविले जाते. त्यामुळे त्याचे परकेपण नावात दडून राहते, आणि जे दडून राहते त्याचा इतिहास सहसा कोणी विचारीत नाही.

तो इतिहास विचारणे मात्र अगत्याचे आहे. कारण त्यातून एका व्यापक प्रश्नाचे उत्तर हाती येते. परका प्राणी नव्या भूमीत रुजतो की नष्ट होतो, हे कशावर अवलंबून असते? प्रथम किती प्राणी आले ह्यावर, की प्रथम जे आले ते कोण होते ह्यावर?

२

ह्या प्रश्नाचे प्रचलित उत्तर संख्येचे आहे. एकोणिसाव्या शतकात न्यूझीलंडमध्ये गेलेल्या युरोपीय वसाहतवाल्यांनी अनेक जातींचे पक्षी तेथे मुद्दाम नेऊन सोडले आणि त्यांच्या नोंदी ठेवल्या. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अभ्यासकांनी त्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्या जाती अधिक संख्येने आणि वारंवार सोडल्या गेल्या त्या बहुधा टिकल्या, व ज्यांचे मोजकेच पक्षी सोडले गेले त्या बहुधा नामशेष झाल्या, असे दिसून आले. हा नियम सयुक्तिक आहे. थोड्या जिवांवर एखादे वादळ, एखादा रोग, एखादा अवर्षणाचा उन्हाळाही प्राणघातक ठरतो.

परंतु हा नियम जेथे लागू पडत नाही अशी उदाहरणे थोडी नाहीत, आणि ती समजून घेण्यासाठी दुसरी एक संकल्पना लागते. एर्न्स्ट मायर ह्या जीवशास्त्रज्ञाने १९४२ साली तिला नाव दिले. मोठ्या समूहातून फुटून निघालेले थोडे जीव नवी वसाहत स्थापतात, तेव्हा ते मूळ समूहाच्या अंगच्या विविधतेचा लहानसाच अंश बरोबर नेतात, आणि पुढील संपूर्ण वसाहत त्या अंशातूनच घडते. ह्या पहिल्या जिवांना प्रस्तुत निबंधात ‘आद्यसमूह’ म्हटले आहे. आद्यसमूहाच्या घडणीत चार गोष्टी येतात : त्यातील नर-माद्यांचे प्रमाण, त्यांचे वय, त्यांतील माद्या गर्भवती आहेत की नाहीत, आणि त्यांनी आणलेला जनुकीय वारसा.

मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. वतनदार घराण्याची वंशावळ मूळपुरुषापासून सुरू होते आणि पुढील पिढ्यांचे हक्क त्या एका पुरुषाच्या सनदेवरून ठरतात. भाषाशास्त्रातही सालिकोको मुफवेने ह्यांनी १९९६ साली हाच विचार मांडला. एखाद्या वसाहतीत जी संमिश्र भाषा जन्मास येते तिची ठेवण मागाहून आलेल्या मोठ्या जनसमुदायापेक्षा आरंभी आलेल्या थोड्या लोकांच्या बोलींवरून अधिक ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हा दाखला त्यांनी जीवशास्त्रातूनच घेतला होता.

३

आद्यसमूहाची घडण नेमकी नोंदली गेली आहे असे एक जुने उदाहरण भारतातूनच बाहेर गेलेले आहे. जमेकातील उसाच्या मळ्यांत उंदरांचा उपद्रव अनावर झाला, तेव्हा विल्यम बॅंक्रॉफ्ट एस्प्यूट ह्या मळेवाल्याने १८७२ साली कलकत्त्याहून लहान जातीची मुंगसे मागविली. ती एकंदर नऊ होती : चार नर आणि पाच माद्या, त्या माद्यांपैकी एक गाभण होती. ह्या नऊ मुंगसांची संतती थोड्याच वर्षांत सर्व बेटावर पसरली. तेथून ती कॅरिबियन समुद्रातील इतर बेटांवर नेण्यात आली आणि १८८३ साली जमेकातूनच हवाई बेटांत पोहोचली. उंदीर संपले नाहीत. जमिनीवर घरटी करणारे पक्षी व सरपटणारे प्राणी मात्र मोठ्या प्रमाणावर बळी पडले.

येथे नऊ ही संख्या निर्णायक नव्हती. नऊच्या नऊ नर असते, तर एका पिढीत कथा संपली असती. माद्यांची संख्या नरांहून किंचित अधिक होती, आणि एक मादी पुढची पिढी पोटात घेऊनच जहाजातून उतरली होती. अर्थात गाभण मादी आली म्हणजे केवळ एक जीव आला असे नव्हे. तिच्याबरोबर तिची पिले आणि त्यांचा दूर राहिलेला पिताही वारशाच्या रूपाने येतो.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या अधिक जवळचे आहे. गोदावरी आणि भीमा ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील जलाशयांवर मासेमारी करणारे लोक ज्या माशाला ‘चिलापी’ म्हणतात, तो आफ्रिकेतील तिलापिया होय. शंखी गोगलगायीच्या उलट, ह्या माशाने आपले परकेपण नावात जपले आहे. १९३० ते १९४० ह्या दशकाच्या उत्तरार्धात जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका खाजणात मुजाइर नावाच्या गृहस्थास ह्या जातीचे पाच मासे सापडले. तीन नर व दोन माद्या. त्याने ते पाळले आणि वाढविले. आशियात पुढे मत्स्यशेतीसाठी पसरलेल्या मोझांबिक तिलापियाचा बराच मोठा भाग ह्या पाच माशांच्या वंशातला मानला जातो. इंडोनेशियात आजही हा मासा त्या माणसाच्याच नावाने, ‘मुजाइर’ म्हणून, ओळखला जातो. मूळपुरुषाचा शोध लावणाऱ्याचे नाव वंशाला चिकटल्याचे असे उदाहरण विरळाच.

हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. १९५९ साली देशाच्या मत्स्यसंशोधन समितीने त्याच्या प्रसारावर बंदी घातली. पण तोवर तो तळ्यांतून नद्यांत उतरला होता. त्याच्या प्रजननाची रीत ध्यानात घेतली म्हणजे दोन माद्या कशा पुरल्या ते कळते. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते आणि पिले मोठी होईपर्यंत धोका दिसताच त्यांना तोंडात आश्रय देते. अंडी घेतलेली एक मादी दुसऱ्या तळ्यात पडली, की तिच्याबरोबर एक अख्खा समूहच तेथे पोहोचतो. डासांच्या नियंत्रणासाठी महाराष्ट्रभर सोडल्या जाणाऱ्या गप्पी माशाचीही हीच तऱ्हा आहे. त्याची मादी नराचे शुक्र दीर्घकाळ साठवून ठेवते. म्हणून एकटी मादीही एका हौदाची धनीण होऊ शकते.

४

ह्या पार्श्वभूमीवर शंखी गोगलगायीकडे वळता येईल. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून ती मादागास्करमध्ये आणि तेथून हिंदी महासागरातील रेयुनियों व मॉरिशस ह्या बेटांवर गेली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती मॉरिशसमध्ये स्थिरावली होती. ह्याच बेटाकडे १८३४ सालापासून भारतातून कंत्राटी मजुरांची जहाजे जाऊ लागली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी भाषकही होते. हिंदी महासागरातील दळणवळणाने माणसे तिकडे नेली. त्याच दळणवळणातून ही गोगलगाय इकडे आली.

तिला आणणारा मनुष्य कोणी व्यापारी किंवा मळेवाला नव्हता. विल्यम हेन्री बेन्सन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील सेवेतला मुलकी अधिकारी आणि शंख-शिंपल्यांचा व्यासंगी अभ्यासक होता. १८४७ साली मॉरिशसहून कलकत्त्यास येताना त्याने ह्या जातीच्या जिवंत गोगलगायी बरोबर आणल्या, आणि त्या शहराच्या चौरंगी भागातील एका बागेत गेल्या. त्यांची संख्या दोन होती असे सामान्यतः सांगितले जाते. कलकत्त्याच्या परिसरात प्रथम त्यांचा जम बसला. १९०० च्या सुमारास ही गोगलगाय सिंहलद्वीपात पोहोचली, १९३० नंतरच्या दशकात तैवानात व तेथून हवाई बेटांत गेली.

दोन प्राण्यांपासून एवढा विस्तार व्हावा ह्याचे कारण त्यांच्या देहरचनेत आहे. ही गोगलगाय उभयलिंगी आहे. प्रत्येक प्राण्यात नर व मादी ह्या दोहोंची इंद्रिये असतात. सामान्यतः समागमासाठी दोन प्राणी लागतात, परंतु ते कोणतेही दोन चालतात. जेथे लिंगभेद असतो तेथे दोन प्राणी आणले तर दोन्ही नर किंवा दोन्ही माद्या निघण्याची शक्यता निम्मी असते. बेन्सनच्या दोन गोगलगायींपुढे ही अडचणच नव्हती. वयाचा भाग मात्र येथेही उरतो. ह्या प्राण्यात शुक्र आधी पक्व होते आणि अंडी मागाहून. म्हणून कोवळ्या गोगलगायी आल्या, तर वसाहतीचा आरंभ काही महिने लांबतो. पूर्ण वाढलेली गोगलगाय एका वेळी शंभरापासून चारशेपर्यंत अंडी घालते आणि वर्षातून अनेकदा घालते. शिवाय समागमात मिळालेले शुक्र ती कित्येक महिने जपून ठेवू शकते. म्हणजे आधी समागम झालेली एकच प्रौढ गोगलगाय आली, तरी आद्यसमूह पुरा होतो. ज्याला मराठीत मूळपुरुष म्हणावयाचे, तो येथे पुरुष आणि स्त्री दोन्ही असतो, आणि पुष्कळदा एकटाच असतो.

५

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने सावध व्हावयास हवे. दोन गोगलगायी, पाच मासे, नऊ मुंगसे अशा कथा फार सुबक असतात. राजघराणी जशी आपला उगम एका तेजस्वी पूर्वजापाशी नेऊन ठेवतात, तशीच लोकांची स्मृती गुंतागुंतीच्या घडामोडींना एक माणूस आणि एक प्रसंग जोडून देते. बेन्सनच्या मागून इतर कोणी, कोणतीही नोंद न ठेवता, आणखी गोगलगायी आणल्या नसतील कशावरून? कागदपत्रांच्या आधारे ह्या शंकेचे निरसन होत नाही. प्राण्यांच्या शरीरात मात्र दुसरे एक दप्तर असते.

ते दप्तर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उलगडले गेले. त्यात भाग घेतलेल्या संशोधकांत पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे हेही होते. जगातील २६ प्रदेशांतून, ३९ ठिकाणच्या ५६० गोगलगायी तपासण्यात आल्या. अंडे देणाऱ्या प्राण्याकडूनच पुढच्या पिढीस मिळतो अशा एका जनुकीय घटकाची त्यांत तुलना केली होती. ह्या घटकाचे एकंदर १८ प्रकार आढळले. त्यांपैकी १४ पूर्व आफ्रिका आणि हिंदी महासागरातील बेटे ह्यांत होते. पण त्या प्रदेशातून बाहेर पडले ते अवघे दोन. त्यांतील ‘सी’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार आज उष्ण कटिबंधात सर्वत्र पसरलेला आहे. भारतात आढळलेला ‘ओ’ हा प्रकारसुद्धा त्या ‘सी’चाच किंचित बदललेला वंशज आहे. मूळ प्रदेशातून पुनःपुन्हा आयात झाली असती, तर इतके एकसारखेपण उरले नसते. बेन्सनची बाग हाच भारतातील एकमेव आरंभ होता, हे ह्यावरून सिद्ध होत नाही; परंतु जगभरचा हा विस्तार अत्यंत अरुंद वारशातून झाला आणि त्याचे सर्वांत जवळचे ज्ञात उगमस्थान हिंदी महासागरातील बेटे होत, एवढे निश्चित म्हणता येते. बेन्सनने गोगलगायी मॉरिशसहून आणल्या ह्या नोंदीशी हा निष्कर्ष जुळतो.

ह्यावरून एक विरोधाभास पुढे येतो. जनुकीय विविधतेचे दारिद्र्य ही दुर्बलता मानली जाते, आणि ती आहेही. एकसारख्या समूहाला नवा रोग एकदमच ग्रासू शकतो. आशियातील पाळीव तिलापियाची वाढ खुंटण्यामागेही अरुंद वारशाचे कारण सांगितले जाते. असे असूनही हे दरिद्री वंश यशस्वी ठरले; कारण त्यांच्या घडणीतील दुसऱ्या तीन गोष्टी, म्हणजे लिंग, वय व गर्भधारणा, त्यांना इतक्या अनुकूल होत्या की चौथीची उणीव भरून निघाली.

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. जे रुजले त्यांच्याच कथा उरतात. किती जहाजांतून किती गोगलगायी आल्या आणि बंदरावरच मेल्या, ह्याची नोंद कोणी ठेवली नाही. म्हणून दोन प्राणी पुरतात, असा सरसकट नियम ह्या कथांतून काढणे चुकीचे होईल. अमुक घडणीचे दोन प्राणी पुरू शकतात, इतकेच त्या सांगतात. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने एवढेही पुष्कळ आहे.

६

बीड जिल्हा पर्जन्यछायेत मोडतो. ओलाव्यावर जगणारा हा प्राणी येथे टिकावा ह्याचे आश्चर्य वाटते. पण हा प्राणी कोरड्या ऋतूची तयारी करून आलेला आहे. जमीन तापू लागली की प्रौढ गोगलगायी बांधाच्या कडेला, पालापाचोळ्याखाली, दगडांच्या सांदीत किंवा मातीत शिरतात, शंखाचे तोंड पातळ पापुद्र्याने बंद करून घेतात आणि महिनोन् महिने निश्चल राहतात. ऊस आणि कालव्यांचा ओलावा जेथे आहे तेथे त्यांना आसरा अधिकच सुलभ मिळतो. पहिला चांगला पाऊस पडला की पापुद्रा गळून पडतो, आणि नेमके त्याच सुमारास शेतात सोयाबीनचे कोवळे अंकुर वर येत असतात.

ह्याचा अर्थ असा की आद्यसमूहाचा प्रश्न १८४७ साली कलकत्त्यात एकदा उद्भवला आणि संपला, असे नव्हे. बीडच्या प्रत्येक बांधावर तो दरवर्षी मृगात नव्याने उभा राहतो. उन्हाळ्यातून वाचलेल्या मूठभर प्रौढ गोगलगायी हा त्या वर्षाचा आद्यसमूह. त्यांतील काहींपाशी मागच्या हंगामातील समागमाचे शुक्र शिल्लक असू शकते. त्यांनी मातीत साबुदाण्याएवढी अंडी घातली, की मूठभरांचे सहस्र होण्यास एक पावसाळा पुरतो.

अमेरिकेतील मायामी शहराचा अनुभव येथे उद्बोधक आहे. १९६६ साली एका मुलाने हवाई बेटांतून तीन गोगलगायी आणल्या आणि त्याच्या आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत तेथे १८ हजारांहून अधिक गोगलगायी सापडल्या. त्यांचे निर्मूलन व्हावयास १९७५ साल उजाडले व दहा लाख डॉलरहून अधिक खर्च झाला. तीन ही संख्या पाहून कोणीही सावध झाले नव्हते. त्या तिघींची घडण ओळखली असती तर झाले असते.

नियंत्रणाच्या प्रचलित उपायांकडेही ह्याच दृष्टीने पाहावे लागते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या संस्थांनी सुचविलेले उपाय साधे आहेत : सायंकाळी व पहाटे हातमोजे घालून गोगलगायी वेचणे आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकणे, बांधालगत ओली गोणपाटे पसरून त्यांखाली जमलेल्या गोगलगायी नष्ट करणे, चुन्याचा पट्टा ओढणे, आणि गरज पडल्यास मेटाल्डिहाईडच्या गोळ्या मुलाबाळांपासून व जनावरांपासून जपून वापरणे. हे उपाय किती गोगलगायी मारतात ह्यापेक्षा कोणत्या वेळी कोणत्या गोगलगायी मारतात, हे अधिक महत्त्वाचे. पहिल्या पावसानंतर लगेच, अंडी घालण्यापूर्वी वेचलेली एक प्रौढ गोगलगाय श्रावणात वेचलेल्या शंभर पिलांच्या बरोबरीची आहे. त्याचप्रमाणे, शंभरांतील नव्व्याण्णव वेचलेले शेत हे स्वच्छ झालेले शेत नव्हे. उरलेली एक बेन्सनच्या बागेतील गोगलगायीइतकीच समर्थ असते. आणि तिला बांध ओलांडण्यास कोणाची संमती लागत नाही. म्हणून एका शेतकऱ्याने वेचावे आणि शेजाऱ्याने स्वस्थ बसावे, ह्यातून काही निष्पन्न होत नाही. रोपवाटिकेतील कुंड्या, बागेची माती, शेणखत, भाजीपाल्याची वाहने ह्यांतून होणारी वाहतूक तपासणे हाही ह्याच विचाराचा भाग आहे. कारण कुंडीच्या तळाशी चिकटून आलेला एक शंख ही उपेक्षणीय संख्या असली, तरी तो उपेक्षणीय समूह नव्हे.

पंचनाम्यात बाधित हेक्टर मोजले जातात, आणि ते मोजलेच पाहिजेत. ज्याचे पीक गेले त्याचा तो हक्क आहे. परंतु पंचनामा होतो तो परिणामाचा, कारणाचा नव्हे. कारण त्याआधी कित्येक आठवडे बांधाच्या कडेला, मातीत, पापुद्र्याआड स्वस्थ पडलेले असते. ‘पोटात पाय’ असे जुन्या म्हणीने गोगलगायीविषयी म्हटले. ह्या नव्या गोगलगायीच्या बाबतीत त्या पोटात पुढचा सारा हंगाम असतो, हे ज्याला उमगले त्याने वेचणीस प्रारंभ कधी करावा हे वेगळे सांगावयास नको.